पलंगासमोरचा आरसा

अमरावती, मंगळवार, संध्याकाळ

अकोल्याच्या डॉक्टरांनी आज हिची औषधं बंद केली. "घरी न्या, जवळ बसा," एवढंच म्हणाले.

वास्तू, फेंगशुई मी पुस्तकांवरून स्वतः शिकलो. दर्यापूरहून लोक आरशाची जागा विचारायला येतात. आजाऱ्याच्या पलंगासमोर आरसा असला की आजार दुप्पट होतो. म्हणून ही अंथरुणाला खिळली त्याच दिवशी मी आरसा उत्तरेच्या भिंतीवर हलवला. होकायंत्र धरून, तीनदा मोजून. मग चुकलं कुठे?

आज घरी आल्यावर म्हणाली, "अवो, थो आरसा होता तिथं लावा. त्यात मले सयपाकघर दिसे. पाच महिने झाले, भिंतच पाहून राहिली मी."

"समोर चालत नाही, तुले सांगितलं ना."

"आता कायचं भेव?"

लावला. लेव्हल पाहून, तिच्या उशीच्या उंचीला. परत लावला म्हणजे मी हरलो, हे तिलाही कळलं असेल?

बराच वेळ ती आरशात पाहत होती. मग म्हणाली, "दूध उतू चाललं, जा ना."

गॅस बंद केला. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यातलं आरशात दिसत नाही, हे मी मोजलेलं आहे. तिथेच उभा राहिलो, तिने हाक मारेपर्यंत.