तीनशे आठव्या पानानंतर

३ मार्च

काय झालं, तेवढंच.
१. ताईने बँकेची नोकरी सोडली. दुसऱ्या शहरात पुस्तकांच्या दुकानात लागली.
२. बाबा म्हणाले, "गेलीस तर परत येऊ नकोस."
३. ताईने माझ्याकडे पाहिलं. "तू तरी बोल."
४. मी म्हटलं, "बाबांचं बरोबर आहे."
५. ती गेली.

५ मार्च

फोन उचलत नाही.

८ मार्च

कारखान्यात दिवसभर दाबमापकं तपासली. एकही चूक नाही. घरी येऊन आमची यादी काढली — वाचायलाच हव्यात अशा अमेरिकन कादंबऱ्या, जुन्या-नव्या मिळून चाळीस. नावं तिच्या अक्षरात, क्रमांक माझे. सव्वीस झाल्या. जुन्यांत नुसत्या हवेपाण्याचीच दहा पानं, आणि नव्या ऐन शेवटी गप्प बसतात, अशी माझी कुरकुर. ताई म्हणायची, "तुला गोष्ट नको, अहवाल हवा." एकदा म्हणाली, या पुस्तकांत माणूस घर सोडतो तिथून गोष्ट सुरू होते, आपल्या घरात तिथे संपते. तेव्हा हसले होते मी.

सत्ताविसावी चांगली जाडजूड. प्रत एक, वाचणाऱ्या दोघी, धीर एकीलाही नाही. ताईचा पूर्वार्ध वाचून झाला की तो माझ्याकडे यायचा, ती पुढे जायची. म्हणून मी कटरने कापली. ६१६ पानं — ३०८ आणि ३०८. मोजून! ताईने कपाळाला हात लावला. "अगं शहाणे, प्रकरण संपलेलं बघून कापायचं ना!"

माझा भाग अर्ध्या वाक्यावर तुटतो. घर सोडून गेलेली मुलगी सहा वर्षांनी परत येते, दारावर हात ठेवते आणि —

पुढचं ताई घेऊन गेली.

११ मार्च

इथल्या एका दुकानात त्याच कादंबरीची अख्खी प्रत दिसली. हातात घेतली. ३०९ उघडलं नाही. दुकानदार म्हणाला, बघायला पैसे पडत नाहीत. ठेवून आले.

१४ मार्च

इंग्रजी-मराठी शब्दकोश जागेवर नाही. आई म्हणते, या घराला पाय फुटलेत — आधी पोरगी गेली, आता पुस्तकं.

१६ मार्च

बाबांचा चष्मा सापडेना. त्यांचं हत्यारांचं कपाट उघडलं. चष्मा शब्दकोशावर होता. शब्दकोशाखाली उत्तरार्ध.

ताईने नेलाच नव्हता.

समासात पेन्सिलीने शब्दांचे अर्थ, बाबांचं फिटरचं ठसठशीत अक्षर. ३०९ ते ३३१. दिवसाला दोन पानंसुद्धा नाहीत.

वळले तर बाबा मागे उभे. वाटलं, आता तडकणार. चष्मा घेतला, उगाच पुसत राहिले. मग म्हणाले, "पहिला भाग तुझ्याकडे आहे का? पोरगी घर सोडून का गेली, तेच कळत नाही."

आणून दिला. विचारलं, दारावर हात ठेवते, पुढे काय होतं?

"आत येते. बाप जेवत असतो. जरा सरकून जागा करतो. बोलत कुणीच नाही."

मी मोरीत जाऊन नळ सोडला.

१७ मार्च

ताईला पत्र टाकलं. ही नक्कल —

ताई, मी चुकीचं बोलले. चुकीचं आहे हे बोलताना माहीत होतं. तुझा उत्तरार्ध बाबांकडे आहे. काल त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. त्यांना काही शब्द अडलेत, ते मला सांगता येणार नाहीत. कधी येतेस ते रविवार, २३ मार्चपर्यंत कळव.