असा परिवार आहे

१२ नोव्हेंबर, बुधवार

अण्णांची बातमी आली. सातव्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली. आठ ओळी आणि नुसत्या थापा!

'अल्पशा आजाराने' — अकरा महिने अंथरुणात होते! कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं ते मी. 'मनमिळाऊ' — आमचे अण्णा? त्यांच्या जिभेपायी चार दूधवाले बदलले. 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' — सर्वत्र म्हणजे कुठे? अख्ख्या भिंगारमध्ये खालचे जोशीकाका तेवढे रडले.

बावीस वर्षं कॉलेजात पत्रकारितेच्या मुलांना हेच शिकवतेय. बातमीत काय लिहिलंय ते कुणीही वाचेल, काय गाळलंय ते वाचा. आज माझ्यावरच पाळी आली. शेवटचं वाक्य — 'त्यांच्या पश्चात एक मुलगा, सून, दोन नातवंडे असा परिवार आहे.'

आणि मी? नवऱ्याचं घर सोडून आले त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून अण्णांजवळ मीच. मी कोण होते, भाडेकरू?

१३ नोव्हेंबर

सुहासला विचारलं. "ताई, शपथ, मी काही दिलं नाही. मी तर पुण्याहून यायला निघालो होतो." भाऊ म्हणून विश्वास ठेवायचा! निवेदिता मध्येच, "जाऊ द्या ना ताई, उद्या रद्दीच व्हायचीय त्याची." हिला काय जातंय म्हणायला? वर्षातून दोनदा येणारी सून छापलीय ना तिथे.

संताप संताप झालाय.

१४ नोव्हेंबर

पेपरवाले म्हणतात खुलासा छापू — 'नजरचुकीने राहून गेले.' कुणाच्या नजरेतून राहिले ते मात्र सांगायचं नाही. सगळा कारभार असाच. खुलाशाचा कागद फाडून टाकला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बातमी लावणाऱ्या गहिनीनाथचा नंबर मिळवला. केडगावला असतो. चांगलं फैलावर घेतलं. बिचारा आधी ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "म्याडम, म्या एक अक्षर बदललं न्हाई. कागद आला तसा लावला."

"कुणी दिला कागद?"

आवाज खाली आणून म्हणाला, "दहाव्याला येतो. घिऊनच येतो, हाय माझ्यापाशी."

सुहासचाच असणार. अक्षर बघू दे एकदा, दहाव्याला चार माणसांत विचारते की नाही बघ!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दहावा झाला. गहिनीनाथने मला बाजूला घेऊन कागद दिला.

अण्णांचं अक्षर. थरथरतं, पण त्यांचंच.

"दिवाळीच्या आधी बोलवून घेतलं व्हतं मला, तुमी कॉलेजात गेल्यावर. म्हनले, विजयाला दावू नको, ती चुका काढीन."

तारखेची जागा कोरी ठेवलेली. 'अल्पशा' त्यांचंच. 'मनमिळाऊ'सुद्धा त्यांचंच! आणि शेवटच्या ओळीत, मुलगा आणि सून यांच्या मधे — 'एक विवाहित मुलगी', खोडलेलं. वर 'एक घटस्फोटित मुलगी', कागद फाटेपर्यंत खोडलेलं. खाली समासात नुसतं 'एक' लिहून पुढे पेन तसंच टेकवून ठेवलेलं, शाईचा मोठा ठिपका. मग तेही खोडलं.

सुहासला सॉरी म्हणायचं राहिलं. उद्या म्हणेन.

१९ नोव्हेंबर

नुसतं 'मुलगी' लिहिलं असतं तरी चाललं असतं, अण्णा.