कुंदाचा शेवट

पांढुर्णा, रविवार, संध्याकाळ

आज पिंकीनं नागपूरहून ती कादंबरी आणली. नवीन, पूर्ण. मी शाळेत असताना मोहगावात मिळालेल्या प्रतीची शेवटची पानं फाटलेली होती. त्यातली कुंदा घरच्यांचं न ऐकता शिकायला निघते, स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसते, अन् तिथंच पुस्तक संपायचं. ती गेली, असं मीच धरून चालले. त्याच हिमतीवर बाबांना म्हटलं होतं, "मी नर्सिंगले नागपूरले जातो." बाबा बोलेनासे झाले.

आज ती पानं वाचली. कुंदाचे काका स्टेशनवर येतात अन् ही गुपचूप त्यांच्या मागं घरी जाते. बस, इतकंच! असा राग आला. इतकी वर्षं मी हिच्या भरवशावर...

"आई, काऊन रडून राहिली?" पिंकी धावत आली.

"कुंदा परत गेली."

लेक हसायलाच लागली. "मंग तू पूर्ण वाचलं असतं, तर तू बी परत गेली असती काय?"

नाही म्हणणार होते. पण त्या वयात ते पुस्तक म्हणजे माझ्यासाठी शेवटचा शब्द होता.

"गेली असती," म्हटलं.

आता लिहिताना वाटतंय, चुकीचं सांगितलं. मी नागपूरला निघाले त्या दिवशी बाबांचे मोठे भाऊ मलाही न्यायला स्टेशनवर आले होते. "चाल घरी," म्हणाले. मी नाही म्हटलं अन् गाडीत चढले. ते तर मी कुठंच वाचलेलं नव्हतं.