फुंकेचा आकडा

३ फेब्रुवारी, सोमवार. लासुर्णे.
सुनंदा रघुनाथ जगताप, तुला जाऊन आज अकरा महिने झाले. आपल्या अपर्णाला घेऊन बारामतीला गेलो होतो. महिनाभर तिचा दमा पुन्हा उचल खात आहे. डॉक्टरीण बाईंनी छाती तपासली. शिट्टी नाही, स्वच्छ. मग एका यंत्राच्या नळीत सलग फुंकावयास लावले. श्वासनलिकेला आतून किती सूज आहे, ते फुंकेतील वायूवरून कळते म्हणे. आकडा ८४. पंचविसाच्या आत हवा.
"दम्याचा पंप रोज ओढतेस?"
"हो."
बाईंनी यंत्रावरचा आकडा कागदावर उतरवला. मग मला म्हणाल्या, "सर, सात दिवस सकाळ-संध्याकाळ आमच्या सिस्टरसमोर घेऊ दे. तरी आकडा उतरला नाही, तर महागडी इंजेक्शनं. उतरला, तर मला वेगळा प्रश्न विचारावा लागेल."
तुझ्या दम्याच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे हे यंत्र नव्हते. धाप वाढली की मात्रा वाढे. तीनदा वाढली.

५ फेब्रु., बुधवार. बारामती.
रोज दोन खेपा अशक्य. दवाखान्यामागे आठवड्यापुरती खोली घेतली. घरमालकीण शमीमभाभी, खाली शिवणकाम. दोन्ही वेळचा पंप सिस्टरसमोर झाला. व्यवस्थित.

६ फेब्रु., गुरुवार.
सकाळी अपर्णा जागची हलेना. "आज नको, अण्णा. उपास आहे."
"उपासाचा आणि पंपाचा संबंध काय?"
"तोंडातून औषध जायचं नाही. आईचं तसंच होतं."
मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शिवाय चतुर्थी. तू गेल्यापासून तुझे सारे उपास तिने धरले आहेत. हे मला ठाऊक होते. मनातून बरेही वाटले होते. पंपाचे मात्र ठाऊक नव्हते.
"तू मला सांगितले का नाहीस?"
"आई म्हणायची, अण्णांना सांगू नको, ते वेळापत्रक काढून भिंतीला लावतील."
खरे आहे. लावले असते.
प्रत्येक महिन्याला नवा पंप मीच आणून देत होतो. आणला म्हणजे घेतला, असे मी…
शमीमभाभी जिन्यात उभ्या होत्या, सारे ऐकले असावे. "आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ हाय, सर. तुमच्यात न्हाय व्हय?" मग अपर्णाला, "चल गं, मी येती संगं. देवाला काय हिशेब द्यायचा तो माझ्या नावावर घाल. तसंबी माझा देव येगळा, तुझ्या देवाला पत्ता घावायचा न्हाय."
अपर्णा रडता रडता हसली. पंप घेतला. दिवसभर पाण्याखेरीज काही घेतले नाही. मीही आग्रह केला नाही.

७ फेब्रु., शुक्रवार.
घेतला. माझ्याशी बोलली नाही.

९ फेब्रु., रविवार.
जिना एका दमात चढली. मी मुद्दाम मागे राहिलो. तुझेही हेच झाले असणार: आठवड्यातून तीन दिवस औषध नाही, आणि डॉक्टर मात्रा वाढवीत आहेत. सुनंदा, हे तू मला एकदा तरी…

१२ फेब्रु., बुधवार.
पुन्हा फुंकर. मी यंत्राकडे पाहू शकलो नाही. भिंतीवरील सूचना वाचीत बसलो.
३१.
उपासाचे मी सांगितले. बाई म्हणाल्या, "औषध चालतंय. ते पोटात जातच नाही, उपास कसला मोडतो? इंजेक्शन नको, मात्रा वाढवायची नाही. रोज घ्यायचं. एकही दिवस सोडायचा नाही."
अपर्णाने मान डोलावली. ३ तारखेलाही ती अशीच 'हो' म्हणाली होती.
बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, "आईची फुंक कुणी मोजली नाही ना, अण्णा?"
"नाही."
"मोजली असती तर?"
मी बाकावरून उठलो.
खोलीवर येऊन सामान बांधले. तिला एकदाच विचारले, "उद्या गुरुवार. घेशील ना?"
पिशवीचा बंद आवळीत म्हणाली, "तुम्ही समोर उभे राहू नका, म्हणजे झालं."
याचा अर्थ काय घ्यावा, कळले नाही.
दुपारी ३.१०. दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या शमीमभाभींच्या हाती परत दिल्या.