कडी कोणत्या बाजूने

१३ मे, मंगळवार
काल बुद्धपौर्णिमा. विहारातली उरलेली खीर आज डब्यात.
दोन वर्षं टाइल्सच्या दुकानात नुसती मापं घेतली. आज सेठजींनी पहिल्यांदा पूर्ण नकाशा माझ्यावर सोपवला. वारासिवनी रोडच्या नव्या कॉलनीतलं घर. मॅडमना मोबाइलवर पाहिलेली खोली हवी आहे, पुढच्या दाराशी, चिखलाचे बूट काढून ठेवायची. फोटोत सगळं पांढरंशुभ्र आणि वेताच्या टोपल्या. फोटो काढणाऱ्याने धानाच्या बांधीतला चिखल पाहिलेला नाही.
त्याच घरी आई वर्षभरापासून भांडी-फरशी करते. ती माझी आई, हे मॅडमना माहीत नाही. मी सांगणार नाही. काम कामाच्या जोरावरच मिळायला हवं.

१९ मे, सोमवार
ठरलं ते:
पांढरं रद्द. गडद करड्या खरखरीत टाइल्स, पाय घसरू नये म्हणून. बाकावर कोटा फरशी. बाकाखाली चपलांचे कप्पे, झडपांना फटी, नाहीतर पावसाळ्यात वास कोंडतो. खुंट्या दोन उंचीवर, खालच्या मुलांसाठी. कोपऱ्यात पाय धुवायचा नळ, जमिनीपासून दीड फूट. ओल्या छत्र्यांखाली जाळी.
आणि एक गोष्ट माझ्या डोक्यातली. कामवाल्या बाईसाठी वेगळी खुंटी, छोटा कप्पा, बसायला बुटका बाक, वर पंखा. आईची पिशवी तिथं गेटच्या जाळीला लटकलेली असते. ओलं लुगडं अंगावरच सुकतं.
मॅडम म्हणाल्या, "अरे वाह, ये तो हमने सोचा ही नहीं."
घरी येईपर्यंत सायकल हलकी वाटत होती.

२८ मे, बुधवार
मिस्त्रीने विचारलं, खोली आणि घर यांच्यामधल्या दाराला कडी किधर? मी म्हटलं, अंदर से, घराच्या बाजूने. वाऱ्याने दार उघडून धूळ आत जायला नको.
नकाशाच्या कोपऱ्यात नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. सेठजी : "दुकान का ठप्पा है ना, नाम की क्या ज़रूरत?" मी ऐकलं नाही. आमच्या घरात कागदावर स्वतःचं नाव लिहिणारी मी पहिली. बाकीच्यांचे अंगठे.

१४ जून, शनिवार
आई आज उड्या मारायची बाकी होती. खोली तयार झाली, नकाशा तिथंच भिंतीला चिकटवलेला. तिने कोपऱ्यातलं नाव, मी शिकवलेलं एकेक अक्षर जोडून, वाचलं.
"मी मॅडमले म्हनलं, ये मेरी बेटी ने बनाया. त्याईले खरंच वाटे ना वो!"
"मग?"
"मंग काय, जवळ जाऊन वाचलं त्याईनं. म्हने, पूरा नाम यही है? म्या म्हनलं, हौ, यही है."
शेजारच्या काकूंनाही सांगून आली. मी वरवर रागावले. आतून...

२७ जून, शुक्रवार
आई कामावर जाताना पिशवीत पाण्याची बाटली टाकते. काहून, विचारलं. "आपलं पानी बरं राह्यते." फरशीला आता दुसरी बाई ठेवली आहे म्हणे. आईकडे फक्त भांडी. "बरं झालं ना, माह्ये गुडघे वाचले."
गुडघ्यांचा विषय तिने आजवर कधी काढला नव्हता.

९ जुलै, बुधवार
मॅडमची तक्रार, कप्प्याची झडप ओलीने फुगली. मिस्त्रीला घेऊन गेले.
आई बुटक्या बाकावर बसून जेवत होती. मी लावलेल्या पंख्याखाली. समोर पाय धुवायच्या नळाखाली घरची भांडी, अर्धी घासलेली. बाजूला मुलांचे चिखलाचे बूट. माझ्या त्या कप्प्यात एक ताटली, एक कप. दोन्हींवर लाल नेलपॉलिशचा ठिपका.
आतलं दार बंद. कडी आतून.
मिस्त्रीसमोर आईने ओळख दाखवली नाही. मीही नाही. हळूच म्हणाली, "तुह्यं काम कर. माह्याकडं पाहू नको."
कडी वाजली. मॅडम दारातूनच : "आपने बहुत अच्छा सोचा था. सबको सहूलियत हो गई." मला चहा आला, कागदी कपात. मिस्त्रीला काचेच्या. मिस्त्रीने दोन्ही कपांकडे पाहिलं आणि झडप तासत राहिला.
मी चहा प्यायले. का प्यायले माहीत नाही.

१० जुलै, गुरुवार
आईशी भांडण.
मी : "ते घर सोड."
"सोडून कुठं जाऊ? तिथं पयले स्वयंपाकघरात बसत होती, तवा त्याईले आडनाव माहीत नव्हतं. बाकीच्या घरी नाव माहीत हाय, तिथं अंगनात बसतो. उन्हात. इथं पंखा तरी हाय."
मी कणकेची परात तिच्याकडे सरकवली.
"तूच लावला ना पंखा."
टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
मग पोळी लाटता लाटता : "चूक माही हाय. तोंड उघडलं म्या."
नाही. नाव मी लिहिलं होतं. आणि कप्पा, आणि कडी. तिला सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, पोळी करपून राह्यली, सरक.

१८ जुलै, शुक्रवार
कॉलनीतल्या तीन घरांना तीच खोली हवी. सेठजी खूश. "वही वाली बनाना, कामवाली के कोने वाली. सबसे ज़्यादा वही पसंद आ रही है." दुकानाच्या फोटोंच्या वहीत पहिल्या पानावर लावणार. नकाशे सोमवारी सकाळी द्यायचे.
जाता जाता : "बेटा, इस बार नाम मत डालना. ग्राहक पूछते हैं." आवाज चांगला होता. चांगल्या आवाजात सांगितलेलं जास्त लागतं.

२० जुलै, रविवार
सकाळपासून कागद समोर. बाक, खुंट्या, जाळी, सगळं काढून झालं. नळ वर घेतला, तीन फुटांवर. खाली वाकून भांडी घासायला नकोत. मग लक्षात आलं, मी त्या खोलीत भांडी घासायची सोय करते आहे. नळ खोडला. पुन्हा दीड फुटावर.
कप्पा काढून टाकला, तर कुणाची तरी पिशवी पुन्हा गेटला लटकेल. ठेवला, तर त्यात ठिपक्याची ताटली येईल. आतलं दारच नको म्हटलं, तर सेठजी दुसऱ्याकडून काढून घेतील.
आई मागे येऊन उभी राहिली. कोपऱ्यावर बोट ठेवलं.
"इथं नाव काहून नाही?"
सेठजी नको म्हणाले, सांगितलं.
"टाक," म्हणाली. मग, "राहू दे. तुही नोकरी जाईन." मग पुन्हा, "माह्यासाठी नाव गाळू नको पन."
भांडी घासायला गेली. स्वतःच्या घरची.
दुपारी मिस्त्रीचा फोन. तिन्ही घरांच्या दारांचं लाकूड कापायला घ्यायचं आहे, एवढंच सांगा, दीदी, कडी किधर?
म्हटलं, थांबा. अजून कागदावर काढली नाही.