एकछत्री

बाबा, शाळेच्या शब्दकोशासाठी 'एकछत्री' या शब्दाचा अर्थ लिहायचं काम गेल्या आठवड्यात माझ्याकडे आलं, आणि तुम्ही आठवलात. साऱ्या राज्यावर एकाच सत्तेचा अंमल, सगळा कारभार एका जागेवरून. एवढं लिहून झालं, वापर लिहायचा राहिला. पूर्वी राजाची स्तुती करायला हा शब्द वापरत, आता वर्तमानपत्रवाले टोमणा मारायला वापरतात. तुम्ही आपल्या घरासाठी वापरायचात, तेही मनापासून. खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून ड्युटी करून आलात, की क्वार्टरच्या ओट्यावर आम्हा दोघा भावांकडून शब्दरूपं म्हणवून घ्यायचात. चुकलं की पट्टा. छत्र राजाच्याच डोक्यावर असतं, बाकीचे उन्हात उभे असतात, हे मी तेव्हा बोललो नाही. पाठीचा प्रश्न होता.

मग दादाचं लग्न झालं आणि वर्षभरात वहिनीनं मागच्या व्हरांड्यात स्टोव्ह मांडला. तुम्ही दारात उभे. "काहून रे, वेगळी चूल पायजे तुले?"

"सरकार, स्टोव्हच त मांडला. फाळणी नाही केली," दादा हसतो.

तुम्ही लाथेनं स्टोव्ह उडवता. रॉकेल भिंतभर. आई वहिनीला आत ओढून कडी लावते. तुम्ही खलातला लोखंडी बत्ता उचलता. पहिला घाव खांद्यावर, दुसरा कानावर. आतून आई ओरडते, "सोडा ना जी त्याले!" दादाच्या मानेवरून रक्त बनियनमध्ये उतरतं, आणि तो एकदाही हात उचलत नाही.

धंतोलीच्या दवाखान्यात तुम्ही सांगितलंत, "जिन्यावरून पडला." आपलं क्वार्टर तळमजल्याचं होतं, बाबा. मी मान डोलावली. तो कान गेला. दादा उमरेडला जाऊन राहिला. तुमच्या तेरवीला आला तेव्हा ऐकू येणारा कान पुढे करून बसला होता.

वहिनी अजून सांगते, "भाऊजी, एवढं मारलं, पण यांनी बापावर हात नाही उगारला." दादा पाणी मागतो. रविवारी दोघं जेवायला येणार आहेत, ती पुन्हा सांगेल.

हात उगारला नाही, कारण तुम्ही "धर त्याले" म्हणालात आणि मागून त्याचे दोन्ही हात मी धरले होते. घट्ट. दादानं हे वहिनीलाही सांगितलेलं नाही. या पत्राच्या वर खरं म्हणजे त्याला हाक मारायला हवी होती. तुम्हाला मारली, कारण तुम्ही उत्तर देणार नाही.