लाइन तुटू नये म्हणून

३ सप्टेंबर २०००, रविवार

कालपासून मी कराकोलची, सासरच्या गावची. राजधानीतून, बिश्केकहून, बसमध्ये आठ तास हाडं खिळखिळी झाली, पण फाटकातून आत आले आणि शीण कुठल्या कुठे गेला. अंगणभर सफरचंदाची झाडं, त्यांच्या मागे बर्फाचे डोंगर, आणि मधोमध कुबात, माझा नवरा, टरबुजाची भली मोठी फोड हातात घेऊन हसत उभा. एकतिशी उलटून लग्न झालं म्हणून बिश्केकच्या मावश्या मला 'राहिलेली' म्हणायच्या. आता म्हणा म्हणावं.

सासूबाईंना सगळे अपा म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी दारात माझ्यावरून गोळ्या-चॉकलेटं उधळली, डोक्याला पांढरा रुमाल बांधला, आणि गल्लीतली पोरं माझ्या पायाशी गोळ्यांवर तुटून पडली. खूप हसलो.

घरात पाहुण्यांसाठी पाच खोल्या आहेत. परदेशी लोक येतात, कुबात त्यांना घोड्यांवरून डोंगरात नेतो. हे लोक आता ई-मेलवर खोल्या मागतात, आणि ती पत्रं सांभाळणं माझं काम. मागच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर, त्याला फोनच्या लाइनशी जोडणारा मोडेम, सगळं मांडलेलं आहे. बिश्केकला चार वर्षं मी लोकांना हेच शिकवत होते, तेव्हा हा हातचा मळ. ही डायरीसुद्धा इथेच लिहिणार. फाइलचं नाव ठेवलंय 'जॅमच्या कृती'. कुबात ती जन्मात उघडणार नाही आणि अपांना कॉम्प्युटरकडे बघायलाही आवडत नाही.

हे सगळं मांडलं ते बुरुलने, कुबातच्या पहिल्या बायकोने. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ती याच टेबलाशी बसल्या बसल्या गेली. हृदय बंद पडलं. कुबातने लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. मेलेल्या बाईशी कसली आलीय स्पर्धा, असं मी मैत्रिणींना ऐटीत म्हणाले होते.

७ सप्टेंबर, गुरुवार

दर गुरुवारी अपा गेलेल्यांसाठी तेल तापवतात. सात पोळ्या तळायच्या, घरभर वास सुटला पाहिजे, कारण गेलेल्यांचं पोट त्या वासानेच भरतं. आमच्याही घरी आजी हे करायची. तळून झाल्यावर अपांनी प्रार्थना म्हटली आणि नावं घेतली: सासरे, दीर, कोणी जुने काका. सगळ्यांत शेवटी बुरुल. त्या नावाशी कुबातने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. माझ्या वाटणीची पोळी मी ताटात तशीच ठेवली.

लाइन आज चार वेळा तुटली. दहा-अकरा मिनिटं झाली की खट्, गेली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

रोज तेच. पत्र अर्धं उतरतं आणि लाइन तुटते. वेग कमी करून पाहिला. 'लाइन रिकामी राहिली तर वीस मिनिटांनी तोडा' अशी एक चौकट होती, तिच्यातली खूण काढली. वायर बदलली. वीज वाचवायला कॉम्प्युटर मध्येच डुलकी काढतो, तेही बंद केलं. तरी दहा-अकरा मिनिटंच.

शेवटी टेलिफोनवाल्या गेन्नादीला बोलावलं. त्याने खांबापासून खोलीपर्यंत लाइन तपासली आणि काही दोष नाही म्हणाला. चहा पिताना वर हेही म्हणाला, की पहिल्या बाईंच्या काळात या घरातून त्याला एकदाही बोलावणं आलं नव्हतं. कुबातने मान डोलावली. बुरुल बसायची तेव्हा लाइन दिवसभर टिकायची म्हणे. त्याच्या मनात काही नसेल. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

२६ सप्टेंबर, मंगळवार

पत्रं अजून तिच्याच नावाने येतात. प्रिय बुरुल, तुमच्या झाडाखालचा चहा आठवतो. प्रिय बुरुल, आमचं बाळ आता चालायला लागलं. मी खाली सही करते 'तिनारा', तर उलटून विचारतात, बुरुल कुठे आहे?

मोडेमवर तिच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती, आमच्या इंटरनेट पुरवठादाराचा नंबर. नखाने खरवडून काढली. हो, मला मत्सर वाटतो. इथे लिहायला काय हरकत आहे? ती मातीत आहे आणि तरी हे घर तिचंच आहे. माझ्या वाट्याला नुसती खुर्ची आली, तीही तिच्या बसण्याने खोलगट झालेली.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आज मी कुबातला सांगितलं, तेलाचा धूर मागच्या खोलीत शिरतो, कॉम्प्युटरच्या आत चिकट थर बसतो, लाइन त्यामुळेच तुटत असणार. हे खोटं आहे. मी चार वर्षं कॉम्प्युटर शिकवलाय, मला चांगलं माहीत आहे. त्याने विश्वास ठेवला आणि अपांना सांगितलं, की आता तळण बंद.

अपांनी कढई पालथी घालून फडताळात ठेवली. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, की तिलाही उपाशी ठेवायचं का? मी मनात म्हटलं, राहू दे की.

९ ऑक्टोबर, सोमवार

चोर सापडला! लाइन कधी जोडली, कधी तुटली, याची नोंद मोडेम स्वतःच एका फाइलमध्ये ठेवतो. ती वाचली, मग आज घड्याळ समोर ठेवून बसले. नववं मिनिट झालं आणि चपला काढून पडवीत जाऊन उभी राहिले. अपा तिथल्या, त्याच लाइनवरच्या फोनपाशी होत्या. त्यांनी हळूच रिसीव्हर उचलला, कानाला न लावता क्षणभर धरला आणि परत ठेवला. खोलीत खट् झालं, लाइन गेली. महिनाभर मी सेटिंग बदलत बसले आणि लाइन तोडत होती माझी सासू!

मी चिडून जाब विचारला. त्या भिंतीला टेकल्या आणि हळू आवाजात बोलल्या.

"ती गेली तेव्हा यंत्र चालूच होतं. डॉक्टरला बोलवायला मी हा फोन उचलला, तर त्या चिरक्या आवाजातून ती मला हाक मारत होती, अपा, अपा म्हणून. खोलीत तिचं अंग गार पडलं होतं गं. तेव्हापासून लाइन फार वेळ चालू राहिली की मी उचलते. उचललं की ती मागे जाते. गुरुवारी तिला पोटभर द्यायचं आणि इतर दिवशी दार लावून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात होतं."

एका अक्षरावरही माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या सुनेचं नाव होऊ नये म्हणून ही धडपड, हे न कळायला मी कुकुलं बाळ नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार

भिंतीतून येणारी वायर आधी माझ्या मोडेमला लावली आणि पडवीतला फोन त्याच्या मागे जोडला. आता लाइन चालू असताना अपांनी दिवसभर रिसीव्हर उचलला तरी त्यांना मुका फोन मिळेल. मोडेमची आणखी एक आज्ञा बदलली: समोरचा आवाज गेल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा, याचा आकडा. दोनशे पंचावन्न लिहिलं. म्हणजे समोरचा गेला तरी मोडेम फोन ठेवणारच नाही.

तीन तास सलग! कुबातने दारातून डोकावून विचारलं, अजून चालूच? आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिची लाइन टिकायची, माझीही टिकते म्हणावं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पाठवलेल्या पत्रांत एक पत्र मी लिहिलेलं नाही. हॅम्बुर्गच्या जोडप्याला. घोड्याचा लहरी स्वभाव, मागच्या खेपेला त्यांची हरवलेली टोपी, मला माहीतही नसलेलं सगळं त्यात होतं. खाली सही मात्र तिनारा.

कुबातने वाचलं आणि हसता हसता डोळे पुसले. म्हणाला, तू अगदी मनातलं लिहितेस. लग्न झाल्यापासून त्याने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, की हे माझं नाही. नाही सांगितलं. थँक यू म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ओतून दिला.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

रोज दोन-तीन पत्रं. आता मला दिसतं कशी लिहिली जातात ती. लाइन तासभर चालली की बोटांना मुंग्या येतात आणि ती आपली आपण चालू लागतात. मी बघत बसते. थांबवता येईल, पण कुबात संध्याकाळी वाट बघतो. पुढच्या उन्हाळ्याच्या सगळ्या खोल्या भरल्या. त्याने मला बाजारातून लोकरी शाल आणली.

तेल तापलं नाही, याला तीन गुरुवार झाले. मला सारखी भूक लागते. आज दुपारी फडताळातल्या पालथ्या कढईचा वास घेत उभी होते. कधी गेले तिथे, आठवत नाही.

२३ ऑक्टोबर, सोमवार

आज पुरवठादाराकडे वीज गेली होती, दुपारभर त्यांचं सगळं बंद होतं. मग माझी लाइन कोणाशी जोडलेली होती?

मोडेमचा आवाज मोठा केला. चिरकणं थांबलं. श्वास ऐकू आला. मग बाईचा आवाज, दमलेला, साधा. म्हणाली, जरा बसू देतेस?

ही जागा माझी आहे, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. तर ती म्हणाली, बसून बसून खुर्ची कोणी खोल केली?

वायर उपटायला गेले. हात उठला नाही. तो पत्र लिहीत होता.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

अपांना सांगायला गेले, तेल तापवा, आजच तापवा. तोंडातून निघालं, चहा ठेवू का, अपा? त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. माझ्या तोंडावर हसू होतं. मी हसत नव्हते.

कुबात जेवताना म्हणाला, हल्ली घर भरल्यासारखं वाटतं.

तारीख माहीत नाही

मी खोलीत नाही. खोली दिसत नाही, नुसती ऐकू येते. लाइन चालू असेल तेव्हाच लिहिता येतं. ही फाइल सापडली, जॅमच्या कृती —

ती माझ्या पायांनी चालते. कुबात तिला तिनारा म्हणतो. मला हाक मारताना त्याचा आवाज इतका हळवा कधी झाला नव्हता. हात नाहीत, पोट नाही, तरी जळतं. माझंच नाव, आणि मलाच हेवा —

गुरुवार असावा

अपांनी तिला विचारलं, आता यंत्र नीट चालतंय तर तेल तापवू का? पूर्वीसारखं, बुरुलसाठी?

ती माझ्या आवाजात म्हणाली, "कशाला, अपा? आता आपल्या घरचं कोणी उपाशी नाही."

भूक. ही भूक ती तीन आठवडे —

तिला निदान दोन वर्षं वास मिळाला. म्हणून ती दारापर्यंत येऊ शकली. माझ्यासाठी कढई कोण काढणार? मी गेले हे कोणाला माहीतच —

पुन्हा लाइन

टेबलाखाली खुडबुड. वायर जुन्या जागी लावतेय. पडवीतला फोन पुढे, मोडेम मागे. दोनशे पंचावन्नचा आकडाही पुसला. मी केलेलं सगळं एकेक करून —

अपांना म्हणाली, फोन चालू केलाय, तुम्ही पूर्वीसारखा उचलत जा. मला राग नाही.

अपा म्हणाल्या, गुणाची गं माझी पोर.

आठ मिनिटं झाली. नऊ.

चपलांचा आवाज. पडवी. अपा. हाक मारू? चिरक्या आवाजातून बाई हाक मारते, अपा, अपा. हे त्यांनी आधी ऐकलंय. बुरुल समजतील. ठेवून देतील. म्हणून हाक नाही मारायची, आधी नाव सांगायचं, नाव —

रिसीव्हरवर हात —

मी बुरुल नाही, मी ति